एक जूनची मुलं

माणूस गोड बोलायला लागला की ह्याला काय हवं असेल, हाच विचार माझ्या मनात पहिल्यांदा येतो. हा स्वभाव मी कुणाकडून उचलला माहीत नाही, आमच्या घरात बाकी सगळे भोळे सांब. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझा जन्म गेला. पोटात दुखतंय म्हणून घरी पळू पाहणारी इतकी मुलं पाहिली, की उद्या डॉक्टर म्हणाले माझं पोट दुखतंय, तर मी त्यांनाही जीभ दाखवायला सांगेन. निवृत्त होऊन पनवेलला कायमची राहायला आले तेव्हा गल्लीतले लोक मला सीआयडी बाई म्हणायला लागले. तोंडावर नाही म्हणत. पण ते मला कळलंच.

वाट चुकलेल्या मुलांसाठी पोलिसांनी केलेल्या समितीत मला घेतलं तेही बहुधा ह्याच गुणावर. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यातली हवालदार बाई मुलांचं काम बघते. ती एकदा घरी आली, चहा घेतला आणि म्हणाली, "मॅडम, सोळा-सतराची पोरं आहेत. शाळा सुटलीय, दिवसभर टपरीवर उभी. एखाद्याच्या गाडीतलं पेट्रोल काढ, कुणाचा मोबाइल उचल, असलं चाललंय. गुन्हा दाखल करण्याआधी कुठेतरी अडकवायला हवीत. तुम्ही लक्ष ठेवाल का?" लक्ष ठेवायला मला आमंत्रण लागत नाही.

मग तलावामागच्या वस्तीतल्या समाजमंदिरात दर रविवारी सकाळी वर्ग सुरू झाला. शिकवायला चाचा. आयुष्यभर कुवेतला एसी दुरुस्त करून परत आलेले, आता बाजारात छोटं दुकान. ते मुलांना एसी आणि फ्रिजचं काम शिकवणार, फुकट. फुकट हा शब्द ऐकल्याबरोबर माझे कान टवकारले. कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. पोरं तयार करून दुकानात राबवून घ्यायची असतील. त्यामुळे मी मुलांवर जेवढं लक्ष ठेवायची तेवढंच चाचांवरही. त्यांच्या ते लक्षात आलेलं होतं. एकदा तांब्याची नळी वाकवता वाकवता ते शांतपणे म्हणाले, "बाई, सगळ्या मर्जवर इलाज आहे. वहमावर नाही."

माझी जागा दाराशी. खुर्ची टाकून बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवायचं. हात पुढे, तळवे वर. मी तळवे हुंगायची. पंक्चर चिकटवायचं सोल्युशन हुंगणाऱ्या पोरांच्या बोटांना तो वास दोन-दोन दिवस राहतो, आणि तंबाखूचा तर विचारूच नका. मग तोंड उघड. मग बरोबर कोण आलंय, कशावर बसून आलास. हे सगळं मी एका वहीत लिहायची. प्रत्येक मुलाला एक पान. चाचा म्हणायचे, विमानतळावरसुद्धा एवढी झडती होत नाही. मुलं हसायची, पण हात पुढे करायची.

ज्याच्याबद्दल सांगायचंय तो मुलगा दिवाळीनंतर आला. उंच, काटकुळा, मिशीची नुसती रेघ. कुणाच्या तरी सायकलीचं चाक काढताना सापडला म्हणून हवालदार बाईंनी पाठवलेला. हात पुढे करून म्हणाला, "बाई, मी तुमच्या शाळेतला. वाडीवरच्या." नेऱ्याच्या पुढे, डोंगराखालच्या एका वाडीवर मी काही वर्षं होते खरी. पण तेवढ्या वर्षांत किती पोरं हाताखालून गेली. हा मला मस्का लावतोय, असंच मला वाटलं. "असशील," म्हणाले, "तोंड उघड."

त्याच्या तोंडाला वास नव्हता. हाताला कधीच नव्हता. आणि हात चांगला होता, हे मलासुद्धा दिसत होतं. नळीचं तोंड पसरवायचं काम चाचा शेवटी त्यालाच द्यायचे, कारण त्याच्या हातून ती फाटायची नाही. तो मुकाट्यानं काम करायचा आणि संपल्यावर हत्यारं न सांगता पुसून ठेवायचा. पण वर्ग सुटला की बाहेर एक लाल बाइक उभी असायची. तिच्यावर बावीस-तेवीसचा एक इसम, गॉगल डोक्यावर. हा मागे बसायचा आणि दोघं जायचे. मी वहीत लिहायची : लाल बाइक. पुढच्या रविवारी : परत लाल बाइक. त्याच्या आईला बोलावून सांगितलं. ती धुणीभांडी करायला चार घरी जायची. "सांगते त्याला," म्हणाली आणि गेली. मी ते पण लिहिलं : आई सांगते म्हणाली, सांगेलसं वाटत नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी मी त्याला दारातच अडवलं. वर्ग अठराच्या आतल्या मुलांसाठी. समितीचा नियमच तसा होता, आणि नियम लिहून काढायचा आग्रहही माझाच. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. म्हणजे अठरा पूर्ण. त्यानं हात पुढे केलेले होते, ते तसेच राहिले.

"आता येऊ नकोस," मी म्हणाले. "तू मोठा झालास."

चाचा आतून आले. "राहू दे ना बाई. गॅस भरायचं तेवढं बाकी आहे. ते आलं की ह्याला कुणीही कामावर ठेवील. दोन-तीन महिन्यांची बात आहे." मी म्हणाले, एकाला सूट दिली की दहा रांगेत उभे राहतात. खरं म्हणजे मला वाटलं, हाताशी आलेलं फुकटचं पोरगं सोडवत नाहीये ह्यांना. वहीत त्या पानाच्या खाली मी लिहिलं : जूनमध्ये अठरा पूर्ण. नियमाप्रमाणे बंद. आणि खाली दोन रेघा मारल्या.

ऑगस्टमध्ये एका दुपारी देवळातून परतणाऱ्या एका आजींच्या गळ्यातलं मंगळसूत्र बाइकवरच्या दोघांनी ओढलं. आजी फरफटल्या, मनगट मोडलं. दोघं गोवा हायवेला लागले आणि कर्नाळ्याच्या अलीकडे नाकाबंदीत सापडले. बाइक लाल. चालवणारा गॉगलवाला, मागे बसून हात घालणारा हा.

हवालदार बाईंचा फोन आला तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगते. बरं वाटलं. मी म्हटलं नव्हतं? वही उशापाशीच होती. त्यांनी मागायच्या आत मी ती नेऊन दिली, त्याचं पान काढून, लाल बाइकच्या सगळ्या ओळी बोटानं दाखवून. त्या वाचत होत्या आणि मी पहिला नंबर आलेल्या पोरासारखी उभी होते. शेवटी त्यांनी वही मिटली. "दाखल्याप्रमाणे अठराच्या वर दोन महिने होतात, मॅडम. दोन महिने आधी झालं असतं तर बाल न्याय मंडळापुढे गेला असता, सुधारायला वाव होता. आता मोठ्यांच्या कोर्टात, मोठ्यांच्या तुरुंगात." मी म्हणाले, करावं तसं भरावं.

दोन दिवसांनी त्याची आई दारात आली. हातात कापडी पिशवी. आत ये म्हटलं तर उंबऱ्याशीच बसली. पिशवीत करटोली होती, वाडीवरून आणलेली, हिरवीगार. मी पिशवी तिच्याकडे सरकवली. असलं काही मी घेत नाही, म्हणाले.

"बाई, तो अठराचा नाय," ती म्हणाली. "त्याला शिमग्यात सतरा सरली. शिमगा झाला आनि दुसऱ्या दिवशी झाला तो."

"दाखल्यावर जून आहे."

"ते तुमी लिवलं. मला काय लिवता येतं? तुमी त्याचा हात वढला व्हता ना, बाई. कानाला लागत नव्हता, तर तुमी वढला."

मी म्हणाले, मला काही आठवत नाही. कुणी शिकवून पाठवलंय तुला? वकिलानं? ती उठली आणि गेली. पिशवी मात्र पायरीवर तशीच राहिली. मी ती आत घेतली नाही, टाकलीही नाही.

वकिलानंच पढवलंय, हे मी स्वतःला दिवसभर सांगत होते. पण एक गोष्ट बसत नव्हती. वकिलाला हाताचं कसं ठाऊक? तारीख खोटी आहे असं कुणीही पढवील. हात ओढल्याचं कोण पढवील? तेव्हा दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि वाडीवरच्या शाळेत गेले. खोटं पकडायलाच निघाले होते मी, तिचं.

शाळेत आता एक तरुण गुरुजी आहेत. त्यांनी आदरानं जनरल रजिस्टर काढून दिलं, आणि मला लगेच शंका आली की हे एवढे नम्र का. रजिस्टरला तोच जुना दमट वास. पान सापडलं. माझं अक्षर मी अंधारातही ओळखीन. त्या वर्षी पहिलीत दाखल झालेली पाच मुलं, आणि पाचांच्या नावापुढे जन्मतारीख एक जून, एक जून, एक जून. खेड्यापाड्यांतल्या शाळांत हे सगळ्यांना माहीत आहे. घरी बाळंतपण, कुठे नोंद नाही. आईला विचारलं तर ती म्हणणार लावणी चालली होती, नाहीतर गणपती आले होते. मग मास्तर शाळा सुरू होण्याच्या सुमाराची एक सोयीची तारीख घालून मोकळा. माझ्या वयाच्या किती माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो, विचारून बघा.

आणि वय ठरवायचं कसं? तर पोराचा उजवा हात डोक्यावरून न्यायचा. बोटं डाव्या कानाला लागली की झाला सहा वर्षांचा. ही आमची मोजपट्टी. आमच्या मास्तरांनी आमच्यावर लावली, आम्ही पुढच्यांवर.

पाचव्या नावावर बोट ठेवलं आणि तो मला दिसला. चड्डीचं बटण तुटलेलं, नाक वाहतंय, आईच्या पदराला धरून. आई म्हणत होती, "शिमग्याला पाच सरली त्याला." म्हणजे सहाला अजून नऊ महिने होते. पण त्या वर्षी पटावर एक पोर कमी पडत होतं. एक पोर कमी म्हणजे दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, आणि दुसरी शिक्षक मी. बदली झाली असती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. शाळेसाठी करतेय, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं असेल. शाळेचा काही संबंध नव्हता. मला घरापासून लांब जायचं नव्हतं.

मी त्याला टेबलापाशी घेतलं. हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या कितीतरी वर राहिली. मग मी एका हातानं त्याची मान वाकवली, दुसऱ्या हातानं त्याची बोटं ओढली आणि कानाच्या पाळीला टेकवली. "हा बघ, लागला," मी मोठ्यानं म्हणाले. आई हसली. तो पण हसला, त्याला तो खेळ वाटला. त्या वर्षभर दुपारच्या सुट्टीनंतर तो माझ्या टेबलाखाली झोपायचा. पहिलीच्या मानानं फार लहान होता.

गुरुजींनी पाणी आणून दिलं. मी रजिस्टर मिटलं. जगभरातलं खोटं शोधत फिरले आणि ते माझ्याच अक्षरात, काखेत कळसा आणि गावाला वळसा. रिक्षात बसल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की रिक्षावाला आरशातून बघतोय का, तेच मी बघत होते.

घरी आले तर पायरीवर करटोली तशीच. एक-दोन पिवळी पडायला लागली होती. मी ती आत आणली, चिरली, कांद्यावर परतली आणि जेवले. का, ते विचारू नका. टाकून देववेना.

हवालदार बाईंना जाऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती, कारण ती माझीच आहे. "मॅडम," त्या म्हणाल्या, "सरकारी रजिस्टरात खोटी नोंद केली असं कोर्टात सांगणार तुम्ही? पेन्शनचा विचार केलात का?" केला होता. घाबरलेही होते, खोटं कशाला बोलू. दोन रात्री नीट झोप नव्हती. पण नोंद कुणी केली, कशाच्या आधारानं केली, हे सांगू शकणारी मी एकटीच उरले होते. त्या वेळचे मुख्याध्यापक जाऊन वर्षं झाली. आईच्या बोलण्याला कागद नव्हता. मी गप्प बसले असते तर तो मोठ्यांच्या तुरुंगात जाणार होता, नऊ महिन्यांसाठी मोठा होऊन.

कोर्टात तो बाकावर बसला होता. मी आत गेले तेव्हा त्यानं मान वर केली, मग खाली. सरकारी वकील तरुण होते, सौम्य बोलणारे. गोड बोलणाऱ्यांबद्दल मी वर सांगितलंच आहे.

"ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"आणि खोटी?"

"हो."

"मग ह्या पानावरच्या पाचही खोट्या?"

"बाकीच्या अंदाजाच्या आहेत," मी म्हणाले. "ह्याची खोटी. ह्याचं वय मला माहीत होतं."

त्यांनी टेबलावरून एक वही उचलली. माझी वही. पान उघडलेलंच होतं. "जूनमध्ये अठरा पूर्ण, नियमाप्रमाणे बंद. हेही तुमच्याच हातचं. दोन रेघा मारल्यात. तेव्हा नाही आठवलं, की तारीख खोटी आहे?"

"नाही."

"मुलगा पकडला गेल्यावर आठवलं."

"हो."

"मग बाई, आपण तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

मी त्यांच्या जागी असते तर अगदी हाच प्रश्न विचारला असता, आणि उत्तरावर विश्वास ठेवला नसता. "तेव्हा," मी म्हणाले.

"मुलाच्या आईकडून काही घेतलंत?"

मी शपथेवर होते. "घेतलं," म्हणाले. "करटोली."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि तेही लिहून घेतलं. मग मी हात ओढल्याचं सांगितलं. डोक्यावरून, कसा, कुणाचा. दाखवा म्हणाले तर मी स्वतःचा हात डोक्यावरून नेऊन दाखवला, ह्या वयात, भर कोर्टात. तेव्हा कुणी हसलं नाही.

हाडांच्या तपासणीचा हुकूम झाला. डॉक्टरांनी लिहिलं की अठराच्या आतलाही असू शकतो, बाहेरचाही. तो कागद, त्याच्या आईचं बोलणं आणि माझी साक्ष मिळून न्यायाधीशांनी ठरवलं की मुलाला लहान धरावं. प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. तो सुटला नाही, आणि सुटायलाही नको होता. आजींचा हात अजून प्लास्टरमध्ये होता. माझ्या नोंदीची चौकशी आता वरून सुरू आहे. कागद येतात, मी उत्तरं देते.

त्या दिवशी हुकूम झाल्यावर हवालदार बाई कागद घ्यायला आत गेल्या. व्हरांड्यातल्या बाकावर तो, शेजारी एक शिपाई, पलीकडच्या टोकाला मी. त्याची आई पाणी आणायला गेली होती. मला वाटलं आता तो आभार मानेल, आणि सवयीनं मी सावध झाले.

"बाई," तो म्हणाला, "म्हणजे मी आता सतराचा?"

"सतराचा."

"अठरा कधी?"

"शिमग्याला."

तो बोटांवर मोजायला लागला. जून, जुलै, ऑगस्ट. एक हात पुरला नाही, दुसरा घेतला. त्याच्या बोटांना अजूनही कसलाही वास नसणार. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं झालं असतं.

"म्हणजे अजून शिमग्यापर्यंत मला चाचांकडे येता आलं असतं," तो म्हणाला.

"आलं असतं," मी म्हणाले.